ठकीला कोणी उचललं

माझं पिशवीचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते आणि तेवढे दिवस मी देवीपुढे हात जोडले नव्हते. दिवा नवरा लावायचा. मूल झालं नाही, आता ती आशाही डॉक्टरांनी कापून बाहेर काढली, मग मागायचं तरी काय, असं वाटायचं.

ठकी आमची कुत्री, नऊ वर्षांची. नाहूर स्टेशनबाहेर सापडलेलं हे पिल्लू आमच्या घरातली पोरच झालं होतं. माझ्या आजारपणाच्या गडबडीत ती नीट खात नाही, सारखी पाणी पिते, हे दिसत होतं. मला पाहून हिरमुसली असेल, असं आम्ही धरून चाललो. त्या शुक्रवारी सकाळी ती उठेचना. पोट फुगलेलं, मागून घाण वासाचा पू. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "गर्भाशयात पू झालेला दिसतोय. संध्याकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच आणा," त्या म्हणाल्या.

आणायची कशी? तिसरा मजला, लिफ्ट नाही, ठकी वीस किलोची आणि मला पाण्याची बादलीही उचलायला बंदी. नवरा ट्रॉम्बेला कामावर, तिथे मोबाईल आत नेता येत नाही, निरोप ठेवला. शेजारी कुलूप. वॉचमन कुत्र्याला हात लावायला तयार होईना. शेवटी ठकीखाली चादर सरकवून मीच ओढायला गेले, तर टाक्यांत अशी कळ आली की तिथेच फरशीवर बसले. समोर देव्हारा होता. नवस वगैरे काही सुचलं नाही. "माझ्याने होत नाही गं आई, आता तू बघ," एवढंच बोलले. खरं तर रागानेच.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात कोळीण, डोक्यावर मासळीची पाटी. "बी विंग ना? इथल्या बाईंनी बोंबील सांगितलेत." ही ए विंग, असं सांगता सांगता मला रडू फुटलं. तिने पाटी दाराबाहेर उतरवली आणि आत येऊन ठकीकडे पाहिलं.

"मला उचलता येत नाही हो, माझं ऑपरेशन झालंय," मी म्हटलं.

"मना येतं ना. हिच्या दुप्पट वजन रोज डोक्यावर असतं माज्या. आधी तोंड बांध तिचं, दुखलं की चावंल."

चादरीत गुंडाळून तिने ठकीला खांद्यावर घेतलं. मी कठडा धरून मागोमाग उतरले. कुत्री बघून रिक्षावाला नको म्हणू लागला, तोवर ही तिला घेऊन आत बसलीसुद्धा होती.

"ऑपरेशन करते, पण वय बघता खात्री देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी सही केली आणि बाकावर बसले. कोळीण माझ्या शेजारी. "तुमची मासळी खराब होईल," मी म्हटलं. "बर्फ हाय. तू टेक इथं," म्हणून तिने माझं डोकं खांद्यावर घेतलं. माझ्या ऑपरेशननंतर मी प्रथमच पोटभर रडले, ठकीसाठी आणि माझ्यासाठीही.

दोन तासांनी दार उघडलं. "वाचली," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. माझा आवाज ऐकून अर्धवट शुद्धीतल्या ठकीने टेबलावर शेपटी आपटली, एकदा, दोनदा, तीनदा. तेवढ्यात नवरा धावत आला. त्या आनंदात ती बाई कधी निघून गेली, कळलंच नाही.

महिन्याभरात ठकी तिन्ही मजले स्वतः चढू लागली. प्रत्येक वळणावर माझीच वाट बघत थांबायची. लोक म्हणतात, बाईचा पत्ता चुकला, एवढंच. मी वाद घालत नाही. मी फक्त देवीशी धरलेला हट्ट खाली ठेवला होता. ओझं दुसऱ्या कोणी उचललं.

ती मुलुंडच्या बाजारात बसते, एवढंच बी विंगमधून कळलं. तीन शुक्रवार शोधल्यावर ती सापडली. नाव चांगुणा. मी खण, नारळ, तांदूळ पुढे केले, तशी ती मागे सरली.

"मालक जाऊन सात वर्सं झाली, पोरी. माजी ओटी नाय भरत कोनी."

"मी भरते," मी म्हटलं.

तिने ओले हात पुसले आणि पदर पसरला. भर बाजारात, सुरमई-कोळंबीच्या पाट्यांमध्ये उभं राहून मी देवीची ओटी भरली.