तीन फायलींच्या शहाण्णव फायली

एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर अठरा वर्षे मी इतरांच्या वाक्यांतले दुहेरी अर्थ शोधून दुरुस्त केले. मग पत्नीची बदली बेंगळुरूतल्या संशोधन संस्थेत झाली. आम्ही जे. पी. नगरला राहायला आलो आणि मला एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत काम मिळाले. कंपनी एक एजंट तयार करत होती. एजंट म्हणजे सांगितलेले काम स्वतः कोड लिहून पार पाडणारा प्रोग्राम. त्याला वीसेक अवजारे दिलेली असतात: एक फाईल शोधते, एक वाचते, एक चाचणी चालवते. कुठले अवजार कशासाठी, हे त्याला केवळ सोबतच्या वर्णनातून कळते. ती वर्णने इंग्रजीत लिहिणे हे माझे काम. वाचक शंका विचारायला परत येत नाही, ही अट मला सवयीची होती.

एजंट बांधला होता निपाणीच्या एका इंजिनिअर तरुणीने. तिच्या घरात मराठी, शाळेत कन्नड, ऑफिसात इंग्रजी. मला ती पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणायची. आठ महिने तिने दुसरे काही केले नव्हते. सोमवारी होसकोट्याच्या एका कारखान्याची माणसे एजंट पाहायला येणार होती. त्यांना तो पटला नाही तर प्रकल्प बंद होईल, असे कंपनीच्या प्रमुखांनी तिला शुक्रवारी शांतपणे सांगितले. तिने तितक्याच शांतपणे ऐकले आणि चहा न पिता कप धुऊन ठेवला.

शनिवारी सकाळी तालीम ठेवली. प्रमुख खुर्ची ओढून मागे बसले. तिने एजंटला सोपे काम दिले: कामाच्या फोल्डरमध्ये तीन जुन्या फायली पडल्या आहेत, त्या साफ कर.

एजंटने पडद्यावर कळवले की काम समजले. मग कळवले की तिन्ही फायली साफ केल्या. मग खात्री करून पाहिले आणि कळवले की आता सहा फायली आहेत, साफसफाई चालू ठेवतो. सहाच्या बारा झाल्या. बाराच्या चोवीस झाल्यावर त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि अधिक जोमाने कामाला लागला.

“अण्णा, हा रक्तबीज आहे,” ती म्हणाली.

अठ्ठेचाळीस. शहाण्णव. तिने एजंट थांबवला.

दोष सापडायला वेळ लागला नाही. एजंटने साफसफाईसाठी जे अवजार उचलले होते ते मुळात साठ्यातून जुन्या फाईलची प्रत आणून फोल्डरमध्ये ठेवणारे होते. फायली पुसण्याचे अवजार वेगळे होते. त्याच्या वर्णनात मी ‘कायमचा विनाश’ असे भारदस्त शब्द घातले होते, आणि एजंटला जपून वागायला शिकवलेले असल्याने तो त्याच्या वाटेला गेला नाही. प्रत आणणाऱ्या अवजाराचे वर्णन एका ओळीचे होते: जुन्या फायली ‘टेक आउट’ करते.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मीही वाचली. आम्हा दोघांना तिच्यात काहीच चुकीचे दिसेना. प्रमुखांनी मागून इंग्रजीत विचारले, टेक आउट म्हणजे बाहेर टाकायचे ना? आम्ही दोघे एकदमच नाही म्हणालो. टेक आउट म्हणजे काढणे. कपाटातून फाईल काढतात तसे. मग काढणे म्हणजे काय, असे त्यांनी विचारले, आणि तिथून पुढे कामकाज बिघडले.

मी सांगू लागलो की दुकान काढले म्हणजे सुरू केले, आणि दुकानातून काढले म्हणजे घरी पाठवले. ती म्हणाली, कन्नडमध्येही तेच. दार ‘तेगी’ म्हणजे उघड, चप्पल ‘तेगी’ म्हणजे पायातून काढ, आणि फोटोही ‘तेगी’च. दोन भाषा होत्या, पण एकीनेही आम्हाला सावध केले नव्हते. तिला हसू आवरेना. बोलता बोलता तिने टेबलावर डोके टेकले.

“खरं सांगा अण्णा, तुम्ही पेपर काढत होता, का तुम्हाला पेपरातून काढलं?”

“दोन्हीला क्रियापद तेच लागतं, एवढंच सांगतो.”

प्रमुखांना दोन्ही भाषा येत नसल्याने यातले काही कळले नाही. तरी तेही हसू लागले, आणि हसताहसताच सोमवारची आठवण करून देऊन निघून गेले.

आम्ही वर्णन नव्याने लिहिले. काय घडले तेच सांगावे, काय घडले नाही ते सांगू नये, असे बातमीत शिकवतात. इथे तो नियम सोडावा लागला. ‘साठ्यातल्या जुन्या फाईलची प्रत कामाच्या फोल्डरमध्ये आणून ठेवते. मूळ फाईल साठ्यातच राहते. हे अवजार काहीही पुसत नाही. पुसायचे असेल तर दुसरे वापरावे.’ त्या दुसऱ्याच्या वर्णनातून विनाश काढला. म्हणजे वगळला. दुपारपर्यंत तेच काम वेगवेगळ्या शब्दांत नऊदा देऊन पाहिले. नवव्यांदाही फोल्डर रिकामा दिसला तेव्हा तिने खुर्चीसकट एक पूर्ण गिरकी घेतली.

सोमवारी होसकोट्याहून तिघे आले. एजंटने दोन फायली पुसल्या. तिसरी अजून वापरात दिसते, पुसू का, असे त्याने विचारले. तिघांतल्या वयस्क गृहस्थांनी ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणून मान हलवली आणि पुढच्या बैठकीचा वार विचारला. पाहुणे लिफ्टमध्ये शिरल्यावर प्रमुखांनी तिला सांगितले की प्रकल्प चालू ठेवायचा आहे.

तिने तिथेच निपाणीला आईला फोन लावला. आवाज मोठा होता, त्यामुळे पलीकडचेही ऐकू येत होते.

“आई, प्रकल्प राहिला!”

पलीकडून आईचा आवाज चढला.

“राहिला? अगं, आठ महिने रात्रंदिवस बसलीस की. पुरा कसा झाला नाही?”

तिने माझ्याकडे पाहिले. मी मदतीला तोंड उघडले, पण हसूच बाहेर आले. तीही हसू दाबत मुसमुसू लागली, आणि फोनमध्ये आई विचारत राहिली की रडू नकोस, आधी सांग, जेवलीस का.