बस्त्याला आलेले तेवढेच आणा

आज सकाळी मनीषनगरच्या घरी नात मोबाइलवर चिडून बसली होती. तिच्या ऑनलाइन साड्यांच्या जाहिरातीवर लोक नुसते क्लिक करतात, घेत काही नाहीत... आणि प्रत्येक क्लिकचे पैसे मात्र कटतात. मी म्हटलं, अगं, हे तर आमच्याकडे सत्तरच्या दशकातच होऊन गेलं! कर टाइप, सांगते.

तेव्हा इतवारीच्या एका गल्लीत पुढे आमचं दुकान आणि मागे घर. उमरेडच्या हातमागाची लुगडी, पातळं, धोतरं. माल झकास... पण गल्ली इतकी आत, की वारासुद्धा पत्ता विचारत विचारत यायचा.

मग आमच्या ह्यांनी शक्कल काढली. रिक्षावाल्याने दुकानात माणूस आणला की त्याला पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा, संध्याकाळी बिल्ला परत आणला की पैसे. आलेला काही घेवो न घेवो!

झालं. एस.टी. स्टँडचा बिल्ला पिवळा, रेल्वे स्टेशनचा लाल, टॉकीजचा हिरवा, टांगेवाल्यांचा निळा... आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. ह्यांचा अर्धा दिवस बिल्ले रंगवण्यात जायचा. दुकानात गर्दी हीऽऽ... विक्रीच्या नावाने जवळजवळ शून्य.

कोणी पंख्याखाली घाम वाळवायला यायचं, कोणी पाणी प्यायला. स्टेशनवरून आलेल्यांना संत्री हवी असायची. दशरथ नावाच्या रिक्षावाल्याने तर कमाल केली, तो स्वतःच्या सासूलाच आणून बसवायचा.

"काहून गा दशरथ," मी म्हटलं, "तुझ्या सासूले लुगडं पाहिजे का आमचा पंखा?"

तो दात काढून म्हणाला, "वहिनी, माणूस आणाचं काम माझं. ते घेऊन नाही राहिली तर मी का करू?"

इकडे माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, वाटच बघत होते. जागा त्यांच्या नावावर. "तुळशीचं लग्न लागलं का किल्ली दे गा," त्यांनी ह्यांना बजावलं, "गोदामासाठी मिरचीवाल्याले जबान देऊन बसलो मी." दुकान गेलं की मागचं घरही गेलं... मग राहायचं कुठे, तर त्यांच्याच दाराशी.

पाण्याचा माठ माझ्या ताब्यात, त्यामुळे कोण कशाला आलं ते मला बरोबर दिसायचं. नुसते बघे आधी भाव विचारायचे. घेणारे यायचे ते एस.टी.ने, मौदा-उमरेडकडून, सोबत एखादी म्हातारी घेऊन... आणि ती म्हातारी आधी काठ उलटा करून बोटांनी चोळून बघायची.

हे लोक बस्त्याला आलेले असायचे. आमच्याकडे लग्नाचं सगळं कापड दोन्हीकडची मंडळी एकाच बैठकीत घेतात, त्याला बस्ता म्हणतात.

मी ह्यांना सांगितलं, "लाल, हिरवे, निळे सारे बिल्ले बंद करा. एक स्टँड ठेवा. अन् रिक्षावाल्याले सांगा, बस्त्याले आले का ते विचार, नसले तं आणू नोको."

"दुकान ओस पडन वं!"

"पडू द्या. पाणी तं मलेच भरा लागते!"

पडलंच ओस. हे दिवसभर गल्लीकडे डोळे लावून बसायचे... आणि माझ्याशी अबोला. तुळशीचं लग्न लागलं, तरी दुकानातल्या गादीवर एक सुरकुती पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भासरे मिरचीवाल्याला घेऊन हजर. तो गादीवर ऐसपैस बसून पोती कुठे रचायची ते ठरवत होता... एवढ्यात गल्लीत घंट्या वाजल्या. रिक्षांची रांगच! पुढे दशरथ, आणि त्याच्या रिक्षात एक करारी म्हातारी.

आत पाय टाकताच ती मिरचीवाल्यावर कडाडली, "उठ गा, बस्त्याच्या गादीवर काहून पसरला?" मग भासऱ्यांकडे वळली. ते तिला दुकानातले नोकर वाटले असणार. "अन् तू उभा काहून? वरचा थप्पा काढ ना!"

आणि भासरे निमूट स्टुलावर चढले! पातळांमागून पातळं खाली येऊ लागली. म्हातारीने काठ चोळून पाहिला, मान हलवली... पहिल्या पातळाला हळदकुंकू लागलं, आणि बस्ता संध्याकाळपर्यंत रंगला.

मिरचीवाला कधी सटकला, कोणाला कळलंच नाही. किल्लीचं नाव भासऱ्यांनी पुन्हा काढलं नाही. आमचं दुकान स्टँडवरच्या त्या रिक्षावाल्यांनी उभं ठेवलं, दशरथने सगळ्यात जास्त... हे मी आजही मानते.

भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढायची तेव्हा रीत होती. ते स्टुलावर असेपर्यंत मी तो पार हनुवटीपर्यंत ओढून उभी होते. त्यांना वाटलं असेल, किती मर्यादेची बाई! आत माझं हसून हसून पोट दुखत होतं...