पन्हाळीतला बोळा

कुरडया वाळवायच्या असल्या की गच्ची सगळ्या बिल्डिंगची, आणि गळायला लागली की गच्ची माझी एकटीची. हा कायदा कुठं लिहिलाय ते मला आजपर्यंत कुणी दाखवलं न्हाई, पण आमच्या अपार्टमेंटात तो बराबर चालला. मी राहते तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडं. माझ्या डोक्यावर एक स्लॅब आणि स्लॅबवर आभाळ.

ज्या वर्षाचं सांगून राह्यले, त्या वर्षी माझी लेक पहिलटकरीण होती. सातवा लागला की आणायचं ठरल्तं. तिच्यासाठी मी आतली खोली रिकामी केली. बाज विणून घेतली, शेकायला शेगडी आणली, माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून कपाटात घडी घालून ठेवली. बाळंतिणीच्या खोलीत वारं नको, ओल नको, एवढं तर अडाण्यालाही कळतं.

आणि आर्द्रा लागल्या तशी नेमक्या त्याच खोलीच्या छताला, पंख्याजवळ, बशीएवढा डाग पडला. आठ दिवसांत बशीचं ताट झालं. मंग ते पाणी भिंतीवरून खाली उतरायला लागलं. रंगाचे पोपडे सुटले, त्याच्याखालून पांढरी खारट भुकटी निघाली. कपाट उघडलं तर दुपट्यांना कुबट वास. मी ती तीनदा धुतली आणि तीनदा त्यांना तोच वास आला.

मी तरातरा खाली गेले. पहिल्या मजल्यावर आमचे चेअरमन राहतात. शाळेतून रिटायर झालेले, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात.

"सर, वर येऊन बघता का? लेकीची खोली गळून राह्यली."

"मावशी, वरच्या मजल्याला थोडंफार चालायचंच."

"तुमच्या डोक्यावर दोन मजले हायेत म्हणून तुम्हाला चालतंय."

"तसं न्हाई हो. आतून रंगवून घ्या एकदा, ओल दिसायची न्हाई. आपापल्या घरातलं काम आपणच बघायचं असतं."

"पाणी काय माझ्या घरातलं हाय? मी तांब्या भरून छतावर फेकला का?"

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं आणि लगेच थांबलं. सरांनी पेपर तोंडापुढं धरला. माणसानं पेपर धरला की समजायचं, बोलणं संपलं.

मंग मी केलं तेच, जे सगळे करतात. रंगारी बोलावला. त्यानं पोपडे खरवडले, पांढरा लेप दिला, वरून दोन हात फिकट गुलाबी रंग. खोली अशी दिसायला लागली की मलाच वाटलं, फिटलं सगळं. ओलीवर रंग देणं म्हणजे गळवावर पावडर लावण्यातलं काम, हे तेव्हा मला कुणी सांगितलं न्हाई. रंगाऱ्याला माहीत होतं. तो बोलला न्हाई. त्याचाही राग आहे मला.

ठरल्या दिवशी लेकीला सोडायला विहीणबाई स्वतः आल्त्या, हसनाबादहून. पाऊस लागूनच होता. मी त्यांना खोली दाखवायला नेलं, मोठ्या तोऱ्यात. त्या बाजेवर टेकल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या. चहा झाला, फराळ झाला, गप्पा झाल्या. त्या उठल्या, आणि मी बघतच राह्यले. त्यांच्या चांगल्या जांभळ्या साडीच्या पाठीवर माझी गुलाबी भिंत चिकटून आल्ती. ओली, लगद्यासारखी. मागं भिंतीवर त्यांच्या पाठीच्या मापाचा काळा चट्टा उघडा पडलेला.

त्यांनी पदर पुढं घेऊन बघितला. भिंतीला हात लावला. बोटं एकमेकांवर चोळली.

"इहीणबाई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पोरगी या खोलीत बाळंत व्हायची न्हाई. लेकराची छाती धरंल."

"बाहेरच्या खोलीत करते मी सगळं. पडदा लावते."

"बाहेर येणंजाणं, दार उघडं. तुम्हीच सांगा, तुमची सून असती तर ठेवली असती का?"

न्हाई ठेवली असती. त्याच जीपमध्ये लेक परत गेली. जाताना तिनं नुसतं खोलीकडं एकदा बघून घेतलं. तिची पिशवी तर मी उघडलीही नव्हती अजून.

जीप वळली, तशी मी चप्पल घालून तडक जुन्या जालन्यात गेले आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन आले. माझ्या भावाचं घर त्यानंच बांधल्तं. त्यानं माझ्या छताकडं बघितलंसुद्धा न्हाई. म्हणाला, "मावशी, बीमारी नीचे दिखती, रहती उप्पर. गच्चीवर चला."

मी येताना सरांचं दार वाजवून त्यांनाही वर काढलं. दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीणही मागोमाग आली. पाऊस नुकताच थांबल्ता, पण गच्चीवर घोट्याएवढं पाणी उभं. मिस्त्रीनं पायजमा वर खोचला, हातातल्या सळईनं जमीन ठोकत फिरला. कुठं ठक्क वाजायचं, कुठं पोकळ मडक्यासारखं.

"इतका पानी खडा कायकू है? पन्हाळ कुठंय?"

तो कोपऱ्यात खाली बसला आणि त्यानं पन्हाळीत हात घातला.

"मिस्त्री, ते असू द्या," मैत्रीण भाबडेपणानं म्हणाली. "ते पाणी अडवायला लावलंय."

आता इथं मला थांबून एक सांगावं लागतं. आमच्या जालन्यात नळ कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठावं न्हाई. आठ दिवसांनी येईल, बारा दिवसांनी येईल. आम्ही कपडे धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसतो आणि फरशीच्या पाण्यानं संडास धुतो. अशा गावात पाऊस पडतो आणि गच्चीवरचं स्वच्छ पाणी पन्हाळीतून धो-धो रस्त्यावर, रस्त्यावरून नालीत जातं, ते उघड्या डोळ्यांनी बघवत न्हाई हो. जीव तुटतो. म्हणून गरजायला लागलं की आमच्या बिल्डिंगीत कुणीतरी पळत वर जायचं आणि पन्हाळीत बोळा कोंबायचं. गच्चीचा हौद व्हायचा. मंग बायका तांबे, डबे घेऊन ते पाणी पिंपात भरायच्या. भरपूर हसणं-खिदळणं व्हायचं. वर्षानुवर्षं चाललं हे. त्याला कुणी चूक म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

मिस्त्री एक एक चिंधी ओढून काढायला लागला. पिठाच्या पोत्याचा तुकडा. शाळेच्या खाकी चड्डीचं अर्धं. एक निळी बाही. एक परकर. चिखल झालेल्या चिंध्या, एकीखाली एक, कुणी जुनी न काढता नवी कोंबलेली. आणि सगळ्यात तळाला हिरवं लुगडं, पिवळ्या काठाचं.

ते माझं होतं.

पहिल्या वर्षी, आम्ही इथं राहायला आलो तेव्हा, पहिला बोळा मीच घातल्ता. सगळ्यांनी तेव्हा माझी तारीफ केल्ती. मावशीनं अक्कल दिली म्हणाले. आणि मी विसरूनही गेल्ते.

सर हसले. "म्हंजे मावशी, चोर घरातच निघाला की!"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! "हो, पहिला बोळा माझा. आणि ही निळी बाही कुणाची, सर? ओळखा. सव्वीस जानेवारीला याच शर्टात भाषण करत होतात. पाणी पिंपात भरून नेताना गच्ची सगळ्यांची होती ना? तुमचं पिंप तर दोनदा भरायचं!"

सरांचं हसू मिटलं. मैत्रिणीनं परकर हळूच पायानं बाजूला सारला. तो तिचाच असणार.

मिस्त्री हातातला चिखल झटकत म्हणाला, "भांडा नंतर. ऐका. हौद वेगळा बांधतात, गच्ची वेगळी. गच्चीला फक्त उतार असतो, पानी निकल जाने का. उभं पाणी बारीक चिरेतून आत जातं, आतली सळई गंजते, गंजली की फुगते, मंग स्लॅबचे टवके खाली पडतात. पानीको रस्ता नै दिया, तो वो खुद बनाता."

"मंग आता कर दुरुस्त. आत्ताच्या आत्ता."

"पावसात न्हाई होत, मावशी. ओल्यावर काही धरत न्हाई. आता ताडपत्री टाका, पन्हाळ मोकळी ठेवा. काम उन्हाळ्यात. तुमची भिंत सुकायला दिवाळी उजाडंल."

लेकीचे दिवस भादव्यात भरत होते.

भादव्यात मुलगी झाली. मी डिंकाचे लाडू घेऊन एसटीनं हसनाबादला गेले. तिथली खोली कोरडी ठणठणीत, धुरीचा वास. विहीणबाईंनी पाय पसरून त्यावर नातीला घेतलं, तेल चोळलं, न्हाऊ घातलं. मी शेजारी टॉवेल धरून पाहुणीसारखी बसले. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात आईनं टॉवेल धरायचा! त्या बाईचं काही चुकलं नव्हतं, त्यामुळं तिच्यावर रागावताही येईना. येताना बसमध्ये मी चिंधीवर रागावले, सरांवर, रंगाऱ्यावर, नळावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर.

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर उन्हाळ्यात काम सुरू झालं असेल. कशाचं काय! हिवाळ्यात तीन मीटिंगा झाल्या. पाऊस न्हाई म्हणून गळत न्हाई, गळत न्हाई म्हणून कुणाला आठवत न्हाई. "बघू की, आखाडाच्या आधी बघू," सर म्हणायचे.

मी म्हटलं, बघा. चैत्र लागला आणि मी गच्चीच्या दाराला माझं कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या बायकोनं दार वाजवलं. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून पातेलं तयार. कुरडया घालायला हवी गच्ची.

"मावशी, दार उघडा हो, चीक गार होऊन राह्यला."

"आधी सह्या. गच्चीच्या कामाच्या कागदावर सगळ्या घरांच्या."

"अहो, मी काय केलंय?"

"तू काही केलं न्हाई बाई. तेच तर दुखणं आहे. तुझ्या मालकाला सांग."

तिनं काय सांगितलं मला माहीत न्हाई, पण वर माझ्या घरापर्यंत आवाज आला. संध्याकाळच्या आत सगळ्या सह्या झाल्या. तिचा चीक मात्र वाया गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी मी माझे गहू भिजत घातले आणि तिला चीक करून दिला.

मिस्त्रीनं जुना पोकळ थर फोडून काढला, चिरा भरल्या, विटांचे तुकडे उतारानं बसवून वर सिमेंट केलं, भिंतीच्या कडेनं कोपरे गोल करून घेतले. शेवटी आळी करून पाणी कोंडून ठेवलं. मी ओरडले, "आता तूच कोंडलं का रे?" तो हसला, "ये इम्तिहान है, मावशी. तुम्ही खाली जाऊन छत बघा." मी चार दिवस बाजेवर उताणी पडून छत बघितलं. एक थेंब न्हाई. मंग त्याला म्हटलं, पाणी नालीत जाताना मला बघवायचं न्हाई, त्याचंही बघ. त्यानं पन्हाळीला पाइप लावून खाली बोअरच्या शेजारी खड्डा केला, त्यात खडी आणि वाळू. आता गच्चीचं पाणी तिथं मुरतं.

परवा लेकीचा फोन आला. नागपंचमीला येते म्हणाली, नातीला घेऊन. आता ती रांगती आहे. मी खोली झाडली, भिंतीला दोन्ही तळहात लावून बघितले. कोरडी. दुपारी गरजायला लागलं. पावसाची सर आली. पाइपातून पाण्याचा आवाज यायला पाहिजे होता, तो येईना.

गुडघे धरून गच्चीवर गेले. पाणी उभं. पन्हाळीत बोळा. नवा, फुलाफुलाच्या चादरीचा.

तो ओढून काढला आणि तसाच ठिबकता हातात धरून प्रत्येक मजला उतरले. प्रत्येक दार वाजवलं. "हे कुणाचं?" कुणाचंच न्हाई. सगळ्यांनी चादर बघितली आणि सगळ्यांनी मान हलवली. सर म्हणाले, "मावशी, चिडू नका, एवढ्यानं काय होतंय."

मी खाली जाऊन त्यांच्या नोटीस बोर्डाच्या खिळ्याला ते फडकं टांगलं, सगळ्या कागदांवर. आज तिसरा दिवस आहे, ते तिथंच आहे. सरांनी काढलं तर मी परत टांगणार आहे. सोमवारी माझी नात येऊन राह्यली.