पहाड भिताडाला टेकला तेव्हा

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलचूरच्या घरी होतो. दुसऱ्या दिवशी मातीला गेलो, तर मागे कोणीतरी बोलत होतं, "माणूस सोन्यासारखा होता बाप्पा, पण फोटोत कच्चा. त्या लग्नाचा नाही का केला सत्यानाश?" त्याच्या नावाला लागलेला हा डाग त्याचा नव्हता, आणि ते ठाऊक असलेला तेव्हा मी एकटाच उरलो होतो...

स्टुडिओ माझा, पण कामाला आम्ही दोघे. डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा मी नागपूरला जाऊन हिस्टोग्राम शिकून आलो आणि सुखदेवला शिकवला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मधे फोटोतल्या उजेडाचा उंचसखल आलेख. तो उजवीकडच्या कडेवर चढून बसला की पांढऱ्यातलं सगळं जळतं. अंधारातलं थोडंफार वर काढता येतं, जळलेलं परत येत नाही. सुखदेवने त्याचं नाव पहाड ठेवलं. "हिस्टोग्राम म्हणता म्हणता पंगत उठून जाईन, भाऊ!" प्रत्येक फोटोनंतर तो पहाड बघायचा. मी चिडवायचो, "अबे, पूजा करतं का त्याची?"

मग त्याच्याच नात्यातलं लग्न आलं. बौद्ध पद्धतीचं, नवरानवरीसकट बहुतेक सगळे पांढऱ्या कपड्यांत. बिदाईच्या वेळी पोरीचा बाप भर उन्हात हात जोडून उभा राहिला. मांडवातल्या कमी उजेडासाठी केलेली सेटिंग तशीच ठेवून मी बटण दाबलं. सुखदेव बाजूलाच होता. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "भाऊ, पहाड उजव्या भिताडाले टेकून राह्यला. अजून एक घ्या ना."

"तू मले शिकवून राह्यला का बे?" मी म्हणालो. तोवर बाप पोरीला घेऊन गाडीकडे निघाला होता.

अल्बम तयार व्हायच्या आत तो माणूस वारला. त्याचा मुलगा स्टुडिओत आला. बापाचा एकट्याचा तेवढाच फोटो होता, मोठा करून हवा होता. मी कॉम्प्युटरवर उजेड कमी करत गेलो. पांढरं होतं ते राखाडी झालं, चेहरा काही आला नाही.

"कोनं काढला हा?" मुलाने विचारलं.

सुखदेव समोरच प्रिंट कापत होता. मी म्हणालो, "सुखदेवनं."

शिकवणारा मी, म्हणजे चुकणारा तोच असणार. कोणाला शंका आली नाही. सुखदेवने एकदा माझ्याकडे पाहिलं. आता बोलेल, म्हणून मी वाट पाहिली... तो मुलाला म्हणाला, "चुकी झाली बाप्पा." का म्हणाला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पुढे त्याच्या वस्तीतून त्याला कोणी लग्नाचे फोटो काढायला बोलावलं नाही. त्याने कॅमेरा सोडला आणि राईस मिलवर चौकीदारी धरली. रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय म्हणते स्टुडिओ?"

मातीनंतर काही आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. खोलीत त्याची मिलची शिट्टी अजून खिळ्याला टांगलेली होती. वहिनींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मन हलकं होईल. त्या कितीतरी वेळ शिट्टीकडे बघत राहिल्या.

"मी त्यायले जलमभर बोलली, भाऊजी. आपल्याच माणसाच्या बापाचा फोटो बिघडवला म्हणून. एकदा बी नाही म्हणाले, का मी नाही काढला... आता मी कोणाले माफी मागू?"

मग त्यांनी उठून गल्लीकडचं दार उघडलं. "मले नका सांगू. इथं उभं राहून सांगा. मोहल्ल्यानं आयकलं पाह्यजे."

मी उंबऱ्यावर उभा राहिलो. नळावरच्या बाया बघायला लागल्या. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. वहिनींनी वाट पाहिली... मग मी उंबऱ्याबाहेर होतो आणि मागे दार लागलं होतं.

म्हणून इथे लिहितो. तो फोटो मी काढला होता.