बेलिफाची चुकांची वही

आमच्या कोर्टात त्यांना सगळे बेलिफसाहेब म्हणायचे. त्यातलं ‘साहेब’ जरा चेष्टेचंच, कारण उन्हातान्हात जिने चढायचे, लोकांच्या हातात समन्स ठेवायचं, सही घ्यायची आणि शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. सतरा वर्षं तेच. त्रेचाळिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी संध्याकाळच्या लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं. वकील होऊन मोठं नाव काढायचं वगैरे काही नव्हतं. “पदवी असली की आत टेबलावर बसवतात,” एवढंच म्हणाले.

एकशेवीस प्रश्न, दोन तास. पहिल्या सराव परीक्षेत त्रेपन्न गुण पडले. मग तीन महिने रविवारचा क्लास, रोज सकाळी कामावर जाण्याआधी वाचन, आणि गुण किती? पंचावन्न. प्रवेशाला ऐंशीच्या आसपास लागायचे. गणितात ते कसेबसे तरले, सामान्य ज्ञानात तरले आणि नेमके कायद्याच्या प्रश्नांत बुडाले. चाळीसपैकी अकरा.

क्लासचे सर त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पेपर बघून म्हणाले, “काका, तुम्ही कोर्टातच कामाला ना?”

“हो.”

“मग हे असं कसं?”

बेलिफसाहेबांनी पेपर घडी करून पिशवीत कोंबला. घरी येऊन पिशवी कोपऱ्यात टाकली आणि बसून राहिले. बायको शिवणयंत्रावरून नुकतीच उठली होती. म्हणाली, “अहो, सोडून द्या की. कुणी मागे लागलंय का तुमच्या?”

पेपर पिशवीतून काढला तो ताईने. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेली आणि आता त्यांच्याकडेच राहणारी. तिने चष्मा पुसला आणि एक प्रश्न मोठ्याने वाचला. नियम असा की, कुणाचीही चूक असो, पाळलेला कुत्रा चावला तर भरपाई मालकानेच द्यायची. घटना अशी की, एक चोर कुंपण ओलांडून आत शिरला आणि त्याला कुत्रा चावला. मालकाने भरपाई द्यायची का?

“नाही,” बेलिफसाहेब म्हणाले. “चोराला कोण भरपाई देतंय? मला पाच वेळा कुत्रे चावलेत, तेही सरकारी कामावर असताना. मला दिली कुणी?”

“तुझं कुणी विचारलंय?”

“म्हणजे?”

“नियमात ‘कुणाचीही चूक असो’ असं लिहिलंय. ते शब्द तू खाल्लेस. कोर्टात काय होतं ते इथे विचारलेलंच नाही. लिहिलंय तेवढंच वाच.”

“पण हे चुकीचं आहे, ताई.”

“असेल. मी चौतीस वर्षं लोकांचं लिहिलेलं वाचलं. मला पटलं का, असं एकदाही कुणी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून तिने शिस्त लावून दिली. पुठ्ठ्याच्या पट्टीने खालच्या ओळी झाकायच्या, शब्दावर बोट ठेवून वाचायचं. महिनाभर घड्याळाकडे बघायचं नाही. आणि प्रश्न चुकला तर वहीत बरोबर उत्तर लिहायचं नाही, का चुकलो ते लिहायचं. दोन आठवड्यांनी वही चाळली तर एकोणचाळीस चुकांपैकी सव्वीस चुकांपुढे एकच वाक्य होतं: मला माहीत होतं म्हणून चुकलो.

“सतरा वर्षं पायपीट करून जे काही कळलं,” ते म्हणाले, “तेच आडवं येतंय बघ.”

“परीक्षेपुरतं बाजूला ठेव. कुणी चोरून नेत नाही.”

एकसष्ट झाले, सदुसष्ट झाले. मग घड्याळ लावून पेपर सोडवला आणि धाडकन अठ्ठावन्नावर आले. त्या दिवशी एका माणसासाठी चार मजले तीनदा चढून झाले होते आणि तो सापडला नव्हताच. पेपर सोडवता सोडवता टेबलावर डोकं टेकून ते झोपले. जाग आली तेव्हा ताई समोर भाजी निवडत होती.

“उठवलं का नाहीस? राहू दे आता आजचं.”

“उरलेले सोडव. थकल्यावर किती चुकतं तेही कळू दे.”

बरंच चुकलं. पण वहीत नवं वाक्य आलं: शेवटची ओळ वाचलीच नाही. तेव्हापासून कायद्याचे प्रश्न आधी, डोकं ताजं असताना. चौऱ्याहत्तर. सत्त्याहत्तर.

परीक्षेच्या दिवशी रखवालदाराने फाटकावर अडवलं. “पालकांनी बाहेर थांबायचं.” यांनी प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, यांना पाहिलं आणि बाजूला झाला.

अठ्ठ्याहत्तर पडले. प्रवेश एक्क्याऐंशीला थांबला.

त्यांनी आदळआपट केली नाही. वही माळ्यावर टाकली आणि नेहमीसारखे कामाला गेले. महिन्याभराने ताई स्टूल शोधू लागली, तशी बायकोच स्टुलावर चढली आणि वही खाली काढली. “एवढं जवळ जाऊन सोडायचं? मग वर्षभर मी घरात रेडिओ लावला नाही तो कशाला?”

“तूच म्हणाली होतीस ना, सोडून द्या,” ते म्हणाले.

“तेव्हा पंचावन्न होते!”

दुसऱ्या खेपेला शहाऐंशी पडले.

आता ते दुसऱ्या वर्षाला आहेत. दिवसभर समन्स, संध्याकाळी कॉलेज. मागच्या बाकावर झोप लागते म्हणून पुढे बसतात आणि नाव पुकारलं की जांभई आवरून ‘हजर’ म्हणतात. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते. त्यातला एक सुटला. दुसऱ्याचा पेपर पुढच्या महिन्यात आहे.