बाबांसाठी बांधलेला आवाज

काचबिंदूने बाबांची नजर गेली तेव्हा आई होती. गंगापूर रोडच्या आमच्या घरात रोज सकाळी ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आई गेल्यावर ते वाचन थांबलं. मराठीचे निवृत्त मास्तर असलेले बाबा दिवसभर नुसते बसून राहायचे. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. संध्याकाळी परतेपर्यंत घर मुकं असायचं.

वर्तमानपत्रं तेव्हा नुकतीच इंटरनेटवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला अक्षरं ओळखता येतील अशा रूपात, येऊ लागली होती. मजकूर वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम मला सापडला. पण तो तयार मिळत नव्हता. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर, उतरवून त्यातून तो आपणच बांधायचा होता.

एका रविवारी सकाळी कॉम्प्युटरपुढे बसले. बांधणी सुरू होण्याआधी मशीनवर काय काय आहे ते तपासलं जातं. तपासणी मध्येच थांबली.

"काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं.

"आवाजाची लायब्ररी नाही म्हणतंय."

"लायब्ररी? म्हणजे वाचनालय?"

"तसंच. तयार कामांचा साठा. दुसरे प्रोग्रॅम त्यातून हवं ते घेतात."

ती आणली, तर तिला आणखी एक हवी होती. दुपारी सगळं बांधून झालं, तरी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला नवी लायब्ररी दिसेना. ती कुठे ठेवलीय हे सिस्टिमला सांगायची आज्ञाच मी दिली नव्हती. ती दिली आणि खोलीत वर्तमानपत्रातली बातमी वाचणारा एक कोरडा, नाकातला आवाज उमटला: "निफाडमध्ये सकाली दवबिंदू गोठले."

बाबा ताठ बसले. "सकाली नाही, सकाळी. ळ येत नाही याला."

आवाज हिंदीसाठी बनवलेला होता. पण सोर्स हातात होता. उच्चारांच्या फाइलमध्ये ळ आणि ल एकाच नियमात बसवले होते. ळ वेगळा काढला, त्याला जवळचा ध्वनी दिला, पुन्हा पुन्हा बांधलं. बाबा प्रत्येक वेळी ऐकायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "आता कळतं. मुलगा शिकतोय म्हणायचं."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, एक करशील? निधनवार्ता तू वाचत जा. बाकी सगळं याला वाचू दे."

तेव्हापासून ऑफिसला निघण्याआधी मी त्यांच्याजवळ बसू लागले. एके दिवशी त्र्यंबकेश्वरच्या त्यांच्या वर्गमित्राचं नाव आलं. माझा आवाज अडखळला. बाबांनी चाचपडत माझा हात धरला.

"पुन्हा वाच. सावकाश."

मी वाचलं. त्या दिवशी त्यांनी मशीन लावू दिलं नाही. मीही ऑफिसला फोन करून येत नसल्याचं कळवलं, आणि दुपारपर्यंत ते त्या मित्राबद्दल बोलत राहिले.