शेकाच्या खुणा आणि माझी सरळ रेघ

बावन्न-त्रेपन्न सालच्या सुमाराची गोष्ट. आम्ही मुलुंडला राहत होतो आणि मी एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. गटारं, मोऱ्या, लहानसहान पूल यांचे नकाशे काढायचे, हे माझं काम. माझ्या रेघेला कुणी नावं ठेवल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळ्याला ठेवत.

त्या वर्षी फेब्रुवारीत बायकोच्या छातीचं ऑपरेशन झालं. गाठ होती, ती कॅन्सरची निघाली, उजवी बाजू काढावी लागली. तेव्हा तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. मी तर कचेरीत ‘पोटाचं ऑपरेशन’ असं सांगून रजा घेतली होती. त्याचा परिणाम असा झाला की आमचे साहेब पुढे दोन महिने मला भेटेल तिथे विचारत, ‘‘आता जेवण जातं का त्यांना?’’ आणि मी गंभीर चेहऱ्यानं सांगत असे, ‘‘थोडं थोडं.’’

जखम भरल्यावर डॉक्टरांनी शेक सांगितला. हा शेक गरम पाण्याच्या पिशवीचा नव्हे. शहरातल्या इस्पितळात एका मोठ्या यंत्राखाली निजवायचं आणि क्ष-किरण सोडायचे. रविवार सोडून रोज, असं पाच आठवडे. घेताना काहीच कळत नाही. कळतं ते नंतर, कातडीला.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. ‘‘कातडी लाल होईल, मग काळी पडेल, सोलेल. त्याला इलाज नाही. पण ती फुटू द्यायची नाही. फुटली तर मला शेक थांबवावा लागेल, आणि मधेच थांबवलेला शेक मला आवडत नाही. आत जे मारायचंय, त्याला तेवढी विश्रांती मिळते.’’

परत घराशी आल्यावर बायको म्हणाली, ‘‘काही झालं तरी मधे खंड पडता कामा नये.’’ ती हे फाटकाची कडी काढता काढता म्हणाली, पण पुढचे पाच आठवडे आमच्या घरात याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

यंत्र नेमकं कुठे धरायचं ते कळावं म्हणून तिथल्या सिस्टरनं तिच्या छातीवर, थेट काखेपर्यंत, जांभळ्या शाईनं रेघा आखल्या होत्या. त्या रेघांच्या आत पाणी नाही, साबण नाही, तेल नाही, मलम नाही, चिकटपट्टी नाही. घासायचं नाही, खाजवायचं नाही. फार तर मक्याच्या पिठाची पूड, तीही कोरड्या जागेवर. आणि रेघा पुसू द्यायच्या नाहीत.

‘‘मग आंघोळ?’’ बायकोनं विचारलं.

‘‘कमरेखाली,’’ सिस्टर म्हणाली.

आता असा कारभार माझ्यासारख्या माणसाच्या हातात पडल्यावर काय होणार? मी कचेरीतून ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा आणला आणि त्यावर सगळे नियम सुवाच्य अक्षरात, दुहेरी चौकट घालून लिहिले. तक्ता स्वयंपाकघरात लावला. राजापूरहून माझी थोरली बहीण, आमची अक्का, मदतीला आली होती. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी तक्ता वाचला. म्हणाली, ‘‘छान आहे रे. पण यात सांडपाणी कुठून जातं ते दाखवलेलं नाहीस.’’

पहिला घोटाळा धोतराचा. बायकोला ब्लाउज घालवेना, शिवण काखेत घासायची. सिस्टर म्हणाली, घरात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड असेल तर त्याचं सैलसर काहीतरी शिवा. माझं एक धोतर अगदी सायीसारखं झालं होतं. ते दोरीवर वाळत होतं, आणि शेजारी माझं नवं धोतर, खळ दिलेलं. मी ‘आत्ता करतो’ म्हणून कात्री घेऊन गेलो आणि नवं कापलं. अक्कानं काही न बघता हातशिलाईनं ते शिवलं. बायकोनं अंगात घातलं आणि म्हणाली, ‘‘अहो, हे पुठ्ठ्यासारखं लागतंय.’’ मग जुनंही कापलं. तो उन्हाळा मी घरात पायजम्यावर काढला.

तिसऱ्या आठवड्यात कातडी बोलायला लागली. आधी नुसती गुलाबी होती, मग घासलेल्या तांब्यासारखी झाली. आग होई, आणि आगीपेक्षा खाज वाईट. बायको डाव्या हाताची मूठ आवळून बसे. खाज अनावर झाली की ती भलत्याच ठिकाणी, गुडघ्यावर, खाजवून घेई. म्हणे, त्यानं जरा बरं वाटतं. उजवा हात अंगाला चिकटू नये म्हणून बसताना कोपराखाली उशी, झोपताना उशी. दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून घ्यायची सवय तिनं त्या वयात मोडली; उजवा खांदा आता मोकळाच राही.

चैत्र चालू होता. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांच्या हातांना लावायला अक्का चंदन उगाळत होती. वाटी घेऊन ती आतल्या खोलीत आली. ‘‘एवढंसं लावते गं. जीव थंड होईल तुझा.’’

बायकोनं डोळे मिटून घेतले. तिला ते किती हवं होतं ते माझ्यासारख्यालाही दिसलं. पण मी दारातून म्हणालो, ‘‘तिसऱ्या ओळीत आहे, अक्का. कसलाही लेप नाही.’’

‘‘तुझ्या ओळी तुलाच लखलाभ,’’ अक्का म्हणाली. पण वाटी परत घेऊन गेली.

त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मला असा अभिमान वाटला की घरच्यांनी खरं तर सावध व्हायला हवं.

चौथ्या आठवड्यातला रविवार. उकाडा म्हणजे काही विचारू नका, बसल्या जागी घामाच्या धारा. दुपारी बायको आरशासमोर उभी राहून म्हणाली, ‘‘अहो, इकडची रेघ गेली हो.’’

खालची रेघ काखेच्या बाजूला घामानं पसरून फिकट झाली होती. त्याच आठवड्यात घाटकोपरहून येणाऱ्या एका बाईंच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. डॉक्टर नेमके त्या दिवशी आले नव्हते, आणि सिस्टरनं त्यांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं होतं. ते बायकोनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

‘‘मलाही उद्या परत पाठवतील,’’ ती म्हणाली. ‘‘एक दिवस फुकट जाईल.’’

‘‘एवढंच ना?’’ मी म्हणालो.

तक्त्यात ‘रेघा पुसू नयेत’ असं होतं. ‘काढू नयेत’ असं कुठेच नव्हतं. ती चूक तक्ता करणाऱ्याची.

माझ्याकडे कचेरीतली कॉपिंग पेन्सिल होती. ओली केली की जांभळी शाईसारखी उमटते, ती. तिचं शिसं खरवडून मी वाटीत थेंबभर पाण्यात खललं, नकाशे रंगवायचा सगळ्यात बारीक ब्रश काढला, बायकोला खिडकीशी उजेडात स्टुलावर बसवलं. अक्का दारात उभी. ‘‘अरे, सकाळी इस्पितळात जाऊन त्यांनाच विचारावं की. पुरुषमाणसानं कशाला या भानगडीत पडायचं?’’

‘‘अक्का, अठरा वर्षं मी दुसरं काय करतोय?’’

आता खरा गुन्हा. ती फिकट रेघ मी निरखून पाहिली, तर ती पुढून नीट सरळ येत होती आणि काखेजवळ एकाएकी वर चढत होती. वरच्या रेघेला समांतर नाही, काही नाही. हे असलं काम आमच्या कचेरीत कुणी केलं असतं तर मी कागद परत केला असता. मला वाटलं, सिस्टरचा हात हलला असणार, नाहीतर घामानं शाई वर ओढली गेली. मी श्वास रोखून, कातडीला ब्रश जेमतेम टेकवत, ती रेघ शेवटपर्यंत सरळ नेली. उरलासुरला वाकडा डाग तिच्या पदराच्या टोकानं टिपून घेतला.

‘‘अहो, ती तिथे वर जात होती ना?’’ बायको म्हणाली. ‘‘शनिवारी तिथे त्यांनी काहीतरी केलं होतं. मला निजल्यावर दिसत नाही, पण केलं होतं.’’

‘‘घामानं झालंय ते. तू हलू नकोस.’’

ती हलली नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून बरोबर गेलो. एरवी ती दहा मिनिटांत बाहेर येई. त्या दिवशी येईना. मग दार उघडलं आणि सिस्टर म्हणाली, ‘‘तुम्ही आत या.’’

डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. बायको टेबलावर, तोंड भिंतीकडे. ‘‘ही रेघ तुमची?’’

‘‘हो.’’

‘‘सुरेख आहे.’’

खोटं कशाला सांगू, मी विनयानं हसायला सुरुवात केली होती.

‘‘चुकीच्या जागी आहे,’’ डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आवाज न चढवता समजावलं. काखेखालच्या घडीतली कातडी शनिवारी फुटायच्या बेतात आली होती. ती घडी वगळावी म्हणून त्यांनी स्वतः तिथली रेघ वर घेतली होती. ‘‘मी जी जागा बाहेर काढली, ती तुम्ही परत आत घेतलीत. सिस्टरला आठवलं नसतं तर आज तिथेच शेक बसला असता.’’

माझी रेघ पुसल्याशिवाय नवी काढता येत नव्हती. स्पिरिट त्या कातडीला लावणं शक्य नाही. सिस्टरनं ओल्या कापसानं हलके हलके टिपायला घेतलं. पण कॉपिंग पेन्सिलचा रंग निघत नाही, म्हणून तर तो कोर्टकचेऱ्यांत वापरतात. बायकोचा डावा हात टेबलाची कड धरून होता. घडीत आल्यावर कापसाबरोबर कातडीच निघाली. बंद्या रुपयाएवढी, ओली लाल जागा उघडी पडली.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. ‘‘आज नको. सुकेपर्यंत नकोच.’’

खंड पडला. तो मी पाडला.

घरी पोचल्यावर, चपला काढता काढता बायको म्हणाली, ‘‘आता मी सांगेन तसं करायचं. तुम्ही विचार करायचा नाही.’’

मग तिनं सगळं ताब्यात घेतलं. ती डाव्या कुशीवर, उजवा हात दोन उशांवर उंच, ती बाजू उघडी, खोलीचं दार लोटलेलं. सिस्टरनं दिलेलं जांभळं औषध दिवसातून एकदा अक्कानं लावायचं, मी नाही. मी ओट्यावर बसायचं आणि भेटायला येणाऱ्यांना ‘झोपली आहे’ म्हणून सांगायचं. कुणी हात धरून जवळ घेतील, पाठीवर हात फिरवतील, त्याचीच तिला धास्ती होती. मी इतक्या वेळा ‘झोपली आहे’ म्हणालो की शेजारच्या काकूंनी एकदा काळजीनं विचारलं, ‘‘अहो, जागी होते ना मधून?’’

अक्का सकाळी औषध लावायला आत गेली की मी दाराला कान लावी.

‘‘कसं दिसतंय हो वन्सं?’’

‘‘कालच्यापेक्षा कोरडं.’’

‘‘कोरडं म्हणजे किती?’’ मी बाहेरून विचारी.

‘‘तुला सांगून काय उपयोग? तू लगेच मोजायला येशील.’’

त्या आठवड्यात कचेरीत मी एका मोरीचा उतार उलटा काढला. तसं बांधलं असतं तर पाणी लोकांच्या घरात शिरलं असतं. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मला राहून राहून डॉक्टरांचं ते वाक्य आठवे, विश्रांती मिळते ते. इथे आम्ही कातडी सुकायची वाट बघतोय, आणि आत दुसरंच कुणीतरी ताजंतवानं होतंय.

एका दुपारी अक्का विहिरीवर गेली होती आणि वारा घालायचं काम मला मिळालं होतं. मी म्हणालो, ‘‘माझं चुकलं.’’

‘‘ते मला माहीत आहे,’’ बायको म्हणाली. ‘‘पंखा थांबवू नका.’’

नवव्या दिवशी डॉक्टरांनी दिव्याखाली नीट पाहिलं. घडीत पातळ, चकचकीत, कोरडी कातडी धरली होती. ‘‘चालू करू,’’ ते म्हणाले. ‘‘राहिलेले सगळे देईन, एकही कमी करणार नाही.’’ रेघ त्यांनी स्वतः काढली. मी बाहेरच्या बाकावर होतो, मला कुणी बोलावलं नाही.

शेवटच्या दिवशी बायकोनं त्यांना विचारलं, ‘‘मधल्या दिवसांनी काही बिघडलं का?’’

‘‘ते आज नाही सांगता येणार,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पाच वर्षांनी विचारा.’’

कातडी पुढे महिनाभर सोलत राहिली. मग आली ती काळसर, ताणलेली, आणि तशीच राहिली. हात पुरता वर जायला दिवाळी उजाडली. अक्का राजापूरला परत गेली. आम्ही आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी इस्पितळात जात राहिलो. तो प्रश्न आमच्यात पुन्हा कुणी काढला नाही. पण तपासणी चार दिवसांवर आली की मला जेवण जात नसे. साहेबांना सांगितलेलं पोट अखेर माझं निघालं.

पाच वर्षं झाली त्या तपासणीला डॉक्टरांचे केस निम्मे पांढरे झाले होते. त्यांनी तिला तपासलं, हात धुतले आणि म्हणाले, ‘‘उत्तम आहे.’’

‘‘मी तुम्हाला एक विचारणार होते,’’ बायको म्हणाली. ‘‘मधल्या त्या दिवसांचं.’’

त्यांना काही आठवेना. त्यांनी तिचा कागद काढला, पानं उलटली. ‘‘हां. नऊ दिवस. कातडी फुटली, म्हणून थांबवलं होतं. नाही, त्यानं काही बिघडलेलं दिसत नाही.’’

‘‘कशानं फुटली, ते लिहिलंय का तिथे?’’

डॉक्टरांनी पुन्हा कागदात पाहिलं. ‘‘नाही. तेवढं लिहिलेलं दिसत नाही. का? लिहायला हवं का?’’

मी खिडकीबाहेर बघत होतो.

‘‘नको,’’ बायको म्हणाली. ‘‘राहू दे.’’